गुडघ्यापर्यंतचे केस, हेल्मेट आणि नाशिकचा एप्रिल... काय करू?

सिडकोवाली

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे केस गुडघ्याच्या जरा वर आहेत, दाट आहेत, आणि हे मी मिरवायला सांगत नाहीये, सध्या तर अजिबातच नाही. सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, सिडकोतून रोज स्कूटीने जाते, शॉप फ्लोअरवर दिवसातून चारपाच चकरा होतात त्यामुळे केस टोपीच्या आत गेलेच पाहिजेत, मशीनजवळ लोंबती वेणी चालत नाही आणि ते बरोबरच आहे म्हणा.

रुटीन असं की एक दिवसाआड पहाटे साडेपाचला न्हायचं, केसांना टॉवेल गुंडाळून डबे भरायचे, सव्वासातला घट्ट अंबाडा घालायचा, पाचसहा आकडे खोचायचे आणि वरून हेल्मेट. हेल्मेट त्या अंबाड्यावर नीट बसतच नाही, टोपलीसारखं वर तरंगत असतं. आणि खरी गंमत संध्याकाळी. घरी येऊन आकडे काढले, अंबाडा सोडला की मधला पीळ अजून ओला असतो!! पहाटे धुतलेले केस, बारा तेरा तासांनी ओले. वास कसा, तर विरजणाचं भांडं दोन दिवस तसंच राहिलं की येतो ना, तसा. नवरा काही बोलला नाही पण परवा त्याने पंख्याचं तोंड गुपचूप दुसरीकडे वळवलं, ते मी बघितलं.

टाळूला खाज आहे, नखात पिवळट चिकट कोंडा येतो, मानेवर घामोळं. आई फोनवर म्हणते उष्णता डोक्यात चढलीय, रोज तेल थाप. सासूबाई म्हणतात कापून टाक आणि मोकळी हो (हो, सासूबाई. आमच्याकडे उलटं आहे). पण नववीपासून वाढवलेत, हात धजत नाही. पाऊस सुरू होईपर्यंतचे दिवस कसे काढायचे तेवढंच सांगा. कापायचा सल्ला नको प्लीज.

नाशिकरोड_फास्ट

ताई, उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. केस मोठे आहेत हा प्रॉब्लेम नाही, ओले बांधतेस हा प्रॉब्लेम आहे. टाळूवर ओल, वरून पीळ, वरून टोपी, वरून हेल्मेट, बाहेर ऊन चाळिशीला टेकलेलं, मग आत इडलीपात्रच झालं की. आंबणारच.

पहाटेचं न्हाणं बंद कर, संध्याकाळी न्हा. मी आधी ठाण्याला होते, माझे कमरेपर्यंतच आहेत पण तिथे मे महिन्यात धुतले की वाळायचंच नाव नाही, हवाच दमट. सगळे व्हिडिओवाले मुंबईच्या नाहीतर दिल्लीच्या हिशोबाने टिपा देतात आणि आपण ऐकतो. नाशकातला उन्हाळा कोरडा आहे, दुपारी भाजून काढतो पण सहासाडेसहानंतर वारा सुटतो की नाही, तो वापर. गच्चीवर जा, वाऱ्याकडे पाठ कर, केस दोन भागात पुढे-मागे करून बोटांनी मोकळे करत बस, फणी लावू नकोस कारण ओला केस ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटतो. माझे पाऊण तासात वाळतात, तुझे दीड धर.

टर्किशचा टॉवेलही सोड, त्यात केस अडकतात. जुन्या सुती साडीचा तुकडा घे आणि नुसता दाबून पाणी टिप, पिळू नको, झटकू नको. आणि हो, एक लक्षात ठेव, संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, तेच डोक्यावर घेऊ नकोस. सकाळीच दोन बादल्या भरून ठेव. मी पहिल्या दिवशी थेट नळाखाली डोकं धरलं होतं, तोंडातून काय निघालं ते इथे लिहिता येत नाही.

निफाडचा_बागवाला

आमच्याकडे द्राक्ष खुडून झाली की एप्रिलात खरड छाटणी करतो. अख्खी वेल बोडकी. पुढच्या वर्षी माल झकास. बघा बाई विचार करून :)

सिडकोवाली

@निफाडचा_बागवाला दादा तुमच्या वेलीला सहा महिन्यांत फळासाठीची गोडी छाटणी येते, माझे केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटीमीटर वाढतात. गुडघ्यापर्यंत परत यायला माझी लेक कॉलेजात जाईल. कापायचा सल्ला नको म्हटलं होतं ना!

@नाशिकरोड_फास्ट हे कधी डोक्यातच आलं नाही हो. रात्री केस धुऊ नयेत, सर्दी होते असं लहानपणापासून ऐकलंय म्हणून पहाटेच न्हायची. पण संध्याकाळ म्हणजे रात्र नाही, बरोबर आहे. करून बघते.

गोदाकाठची_काकू

अगं सिडकोवाली, आम्ही चौघी बहिणी, पंचवटीतल्या वाड्यात वाढलो, चौघींचे केस मांडीपर्यंत आणि घरात एकच न्हाणीघर. शाम्पू फक्त जाहिरातीत. आई शिकेकाईच्या शेंगा, वाळलेला आवळा, नागरमोथा आणि चार रिठे रात्री लोखंडी कढईत भिजत घालायची, सकाळी उकळायचं, हाताने कुस्करायचं आणि मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचं. गाळणं महत्त्वाचं! हल्लीच्या मुली तयार पावडर कालवून तशीच थापतात आणि मग महिनाभर केसातून भुसा काढत बसतात, वर म्हणतात शिकेकाईने कोंडा झाला. मेन रोडच्या बाजूला काष्ठौषधीवाल्यांकडे अख्ख्या शेंगा मिळतात, त्या आण. रिठे जास्त नकोत, केस काथ्यासारखे होतात. डोळे घट्ट मिटून घे, शिकेकाई डोळ्यात गेली की आजी आठवते.

बोअरचं पाणी असेल तर मात्र शिकेकाईचाही इलाज चालत नाही, केस चिकटच राहतात. शेवटचा एक तांब्या तरी नळाच्या पाण्याचा घे.

आणि आई सांगते तसं तेल लाव. खोबरेल. उन्हाळ्यात डोकं थंड राहतं.

गोळ्या_औषधं

काकूंचं बाकी सगळं मान्य, तेलावर मात्र थांबा. माझं मेडिकल स्टोअर आहे, मार्च ते जून रोज दहा जण हीच तक्रार घेऊन येतात. पिवळट, चिकट आणि खाजणारा कोंडा म्हणजे कोरडेपणा नाही. टाळूवर मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच असते, ती टाळूच्या तेलावर जगते, घाम आणि ओल मिळाली की जोर धरते. त्यावर वरून खोबरेल थापलं तर तिला पंगतीचं आमंत्रणच दिल्यासारखं होतं. तेल लावायचंच असेल तर मानेच्या खालच्या लांबीला आणि टोकांना लावा, तिथे खोबरेल खरंच कामाचं आहे, केसाच्या आत मुरतं आणि धुताना झीज कमी होते. टाळू सोडा.

केटोकोनॅझोल २ टक्केवाला शाम्पू आठवड्यातून दोनदा, फक्त टाळूला, लावून तीन ते पाच मिनिटं थांबायचं आणि मग धुवायचं. लोक लावतात आणि लगेच ओततात पाणी, मग म्हणतात गुण नाही. दोनचार आठवडे करा, तरी खाज गेली नाही किंवा कुठे गोल चट्टा पडून तिथले केस गेले तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि शेजारणीने दिलेली खाजेची ट्यूब लावू नका, त्यात स्टेरॉइड असतं बऱ्याचदा, तात्पुरतं बरं वाटतं आणि नंतर दुप्पट उसळतं.

गोदाकाठची_काकू

आमच्या चौघींना कधी बुरशी झाली नाही बाबा.

गोळ्या_औषधं

काकू तुम्ही चौघी हेल्मेट घालून सातपूरला पण जात नव्हता :)

गोदाकाठची_काकू

तेही खरंच. बरं, टाळू सोडून लाव गं.

जटाधारी_नाशिककर

मी पुरुष, केस पाठीच्या मध्यापर्यंत, कुठेही गेलो तरी कुणीतरी विचारतंच, काय महाराज, सिंहस्थाला आतापासूनच आलात का. सवय झाली. हेल्मेटबद्दल मात्र कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

अंबाड्यावर तरंगणारं हेल्मेट म्हणजे डोक्यावर ठेवलेली कढई, पडलात तर पहिलं तेच उडेल. २०२१ ला हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही सुरू झालं तेव्हा लोक पंपावर एकमेकांचं हेल्मेट मागून घालायचे, तसलं पोलिसांपुरतं हेल्मेट नको. दंडाचा प्रश्न नाहीये, कवटीचा आहे. प्रवासात अंबाडा घालूच नका. अगदी खाली, मानेच्या खळगीत सैल वेणी सुरू करा, म्हणजे हेल्मेटच्या कडेच्या खालून ती बाहेर येते. तुमची वेणी लांब आहे तर ती मोकळी सोडू नका हां, शर्टाच्या किंवा जॅकेटच्या आत पाठीवर घाला आणि टोक कमरेत खोचा. ओढणी चाकात गेल्याचे किस्से आपण ऐकतो, तीन फुटी वेणी काही वेगळी नाही. कंपनीत पोचलात की तीच कोरडी वेणी गोल फिरवून दोन आकड्यांवर टोपीत टाकायची, घट्ट पीळ द्यायची गरजच पडत नाही. रोज एकाच जागी घट्ट ओढून बांधलं की कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात, माझी समोरची रेघ अशीच मागे सरकली आहे, वयाचा दोष नाही (बायको म्हणते वयाचाच आहे).

हेल्मेटखाली पातळ सुती फडकं बांधा, बंदाना म्हणा नाहीतर रुमाल म्हणा, दोन ठेवा, जायला एक आणि यायला एक. हेल्मेटचं आतलं अस्तर निघतं ते कितीजणांना माहिती आहे? काढा आणि धुवा. मी तीन वर्षांनी पहिल्यांदा धुतलं तेव्हा बादलीतलं पाणी गाळमिश्रित चहासारखं झालं होतं. निम्मा वास तिथूनच येत असेल बघा.

आणि शेवटचं, रागावू नका. लांबी तशीच ठेवून मानेवरचा खालचा चार बोटांचा पट्टा मशीनने बारीक करता येतो, वरचे केस सोडले की दिसतही नाही. मी दर मार्चला करतो. वजन उतरतं, मानेला वारा लागतो, घामोळं गेलं. याला कापणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

नाशिकरोड_फास्ट

बापरे, ते वाढताना आकड्यासारखे उभे राहतात ना पण? माझ्या बहिणीने केलं होतं, वर्षभर मानेवर झाडू घेऊन फिरत होती.

जटाधारी_नाशिककर

राहतात. म्हणून एकदा केलं की दर उन्हाळ्यात करावंच लागतं. व्यसन आहे ते.

सिडकोवाली

बारा दिवसांनी परत येतेय, ऑडिट चालू होतं.

संध्याकाळचं न्हाणं जमलं. आता एक दिवसाआड नाही, तीन दिवसांनी. पहिल्या दिवशी बादलीच विसरले आणि टाकीचं पाणी अंगावर घेतलं, @नाशिकरोड_फास्ट तू काय म्हणाली असशील ते मला नेमकं कळलं. गच्चीवर केस सोडून बसले तर खालच्या मजल्यावरच्या आजी वाळवणाच्या कुरडया उचलायला आल्या आणि अंधारात मला बघून जिन्यातच थबकल्या, आता त्या वर यायच्या आधी हाक मारतात.

तीन दिवसांचे केस एकदम निघतात म्हणून पहिल्या न्हाण्याला जाळीत चिमणीचं घरटंच सापडलं, घाबरून मेडिकलवाल्या दादांना मेसेज केला, ते म्हणाले रोज पन्नास ते शंभर केस गळणं नॉर्मल आहे आणि तुमचा एकेक केस हातभर लांब म्हणून ढीग मोठा दिसतो. मोजत नाही बसले.

शाम्पू चार वेळा झाला, मोबाईलवर पाच मिनिटं लावून. खाज जवळजवळ नाही, कोंडा आहे थोडा. तेल फक्त टोकांना, आईला हे अजून सांगितलेलं नाही. शिकेकाई पावसाळ्यात करीन काकू, आत्ता एका वेळी एकच उपाय, नाहीतर कशाने गुण आला कळणार नाही. वेणी जॅकेटच्या आत जाते, पहिले दोन दिवस पाठीवर कुणीतरी चढलंय असं वाटत होतं.

हेल्मेटचं अस्तर धुतलं. पाण्याबद्दल काही बोलत नाही.

मानेवरच्या पट्ट्याचं सासूबाईंना सहज बोलले तर त्या आतून ह्यांचं ट्रिमर घेऊनच बाहेर आल्या. सध्या ते कपाटात वरच्या खणात ठेवलंय.