मदत हवी आहे: हिरड्यांसाठी अँटिबायोटिक घेतल्यावर तोंडातल्या चांगल्या जंतूंचं काय?

आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं. वय ६२, त्यात मधुमेह. डेंटिस्टनी हिरड्यांखालची खोल सफाई केली आणि ७ दिवस अमॉक्सिसिलिन व मेट्रोनिडॅझोल दिलं. दातांवरचा जंतूंचा चिकट थर नुसत्या गोळ्यांनी जात नाही, खरवडावाच लागतो, हे त्यांनी छान समजावलं. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे त्रासदायक जंतू यानं कमी होतात, हेही पटलं. पण सोबत चांगले जंतूही मरतात ना? ते परत यायला किती दिवस लागतात?

रक्त थांबलंय, पण आता जिभेवर पांढरा थर आलाय. बुरशी असेल का? मधुमेहात ती लवकर होते, म्हणून जीव टांगणीला लागलाय. परवाची अपॉइंटमेंट घेतलीय. तोवर कुणी दंतवैद्य किंवा यातून गेलेलं असेल तर कृपया सांगा.