ओवी 'गाळली' कुठे?
काही जण म्हणतात की बायबलच्या न्यू इंटरनॅशनल व्हर्शन या इंग्रजी भाषांतरात प्रेषितांची कृत्ये ८:३६ नंतर थेट ३८ येते, म्हणजे ३७वी ओवी (वचन) गाळली. ती तळटीपेत आहे. मोबाइलवर तळटिपा बंद असतील तर दिसत नाही, इतकंच. नव्या करारातल्या ओव्यांना क्रमांक फ्रेंच मुद्रक रॉबेर एस्तिएनने १५५१ मध्ये दिले. त्याच्या ग्रीक पाठात ३७वी होती, चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत नाही. न्यू किंग जेम्स (१९८२) हे इंग्रजी भाषांतर एस्तिएनच्याच परंपरेतला पाठ धरतं, त्यामुळे तिथे ती मजकुरातच सापडेल.

खरी फसगत शब्दांत होते. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात १ थेस्सलनीका ४:१५ मधलं 'प्रिव्हेंट' म्हणजे अडवणं नव्हे, आधी जाणं. हे मात्र तळटीप सांगेलच असं नाही.