मदत हवी आहे: शिरेतून पोषण चालू असलेल्या बाळाची कावीळ

माझ्या बहिणीचं बाळ २९व्या आठवड्यात झालं. आतड्याचं ऑपरेशन झाल्यामुळे पाच आठवडे शिरेतूनच पोषण, म्हणजे टीपीएन चालू आहे. आता रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे यकृताने पित्तात सोडायचं पिवळं द्रव्य, ३.८ आलंय. २च्या वर गेलं की पित्त तुंबलंय असं धरतात म्हणे. परवा लंगोट बदलताना शी खडूसारखी पांढुरकी दिसली, बहिणीच्या हातांना कापरंच भरलं. पित्तनलिका बंद नाही ना, यासाठी सोनोग्राफी झाली, ती ठीक आहे.

डॉक्टर नीट समजावतात. पोटात दूध न गेल्याने आतडं आणि पित्ताशय सुस्तावतं, पित्ताम्लं यकृतात साचून पेशींना इजा करतात, सोयाबीन तेलाच्या लिपिडमधले (शिरेतून देतात त्या स्निग्धांशातले) वनस्पतीजन्य स्टेरॉल त्यात भर घालतात. म्हणून लिपिड कमी केलंय, नळीतून दर तीन तासांनी १ मिली आईचं दूध सुरू केलंय. मला तर त्या १ मिलीचाच सगळ्यात जास्त आधार वाटतो.

माशाच्या तेलाचं लिपिड अमेरिकेत २०१८ साली अशाच बाळांसाठी मंजूर झालं. पुण्या-मुंबईत कुणाच्या बाळाला दिलंय का? कसं मिळवलंत? पित्त वाहतं करायला देतात त्या अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडने फरक पडला का? दूध वाढल्यावर कावीळ उतरायला किती आठवडे लागले? डॉक्टरांना विचारूनच पुढे जाऊ, पण ज्यांनी हे सोसलंय त्यांनी कृपया लिहा.