आंघोळ घालणं हेही शिक्षणच

'गृहशास्त्र म्हणजे भाकरी आणि शिवणटिपण, त्यात समाजसेवा कसली?' हा प्रश्न वाचून बालशिक्षणाचं काम करणाऱ्या अनुताई वाघ आठवल्या. बालविधवा. १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांसोबत कामाला लागल्या, पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पाड्यांसाठी राबल्या. पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. तिथं आधी नखं काढायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी मग. सगळं आयांच्या डोळ्यांसमोर. (कुणाला कमीपणा न देता शिकवणं, मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.) घरकाम आणि शाळा यांत भिंत ठेवलीच नाही त्यांनी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणातच भरायची.