मदत हवी आहे: केटी लागलीय, घरी कोणत्या शब्दांत सांगू?

नमस्कार. वर्षभर इथे नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर समजून घ्या.

मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. गाव राधानगरी तालुक्यात. गेल्या मंगळवारी पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि मला केमिस्ट्रीच्या एका पेपरात केटी लागली, म्हणजे वर्ष जात नाही, तेवढा एक पेपर परत द्यायचा. सहा गुण कमी पडले. बाकीचे सगळे विषय सुटले. घरी अजून सांगितलेलं नाही आणि माझा प्रश्न त्याचाच आहे. केटी कशी काढायची हे सांगायला मैत्रिणी आहेत. पण ज्या घरातलं कुणी कधी कॉलेजात गेलं नाही, तिथं केटी म्हणजे काय हे कसं सांगायचं, ते कुणालाच सांगता येईना.

आण्णा सातवीपर्यंत शिकलेत, आई चौथीपर्यंत. अठ्ठावीस गुंठे रान, त्यात ऊस, दारात दोन म्हशी. सगळ्या भावकीत कॉलेजला जाणारी मी पहिली. आण्णांच्या लेखी मी 'तेरावी'ला आहे. दहावी, बारावी, मग तेरावी. मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द मीच इथं आल्यावर पहिल्यांदा ऐकले, त्यांना कुठून कळणार? आणि निकालासाठी आमच्या घरात दोनच शब्द आहेत, पास आणि नापास. चुलत भाऊ दहावीला नापास झाला तेव्हा चुलते त्याच्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. पुढच्या सोमवारी त्याला शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत चिकटवला, बस्स. नापास म्हणजे शाळा संपली, इतका साधा हिशेब. मुलीच्या बाबतीत नापासच्या मागून काय येतं ते सांगायला नको. दिवाळीत एक स्थळ येऊन गेलं. आण्णा त्यांना म्हणाले, "पोरगी शिकालीय, आत्ता नको." तेवढ्या एका शब्दावर ते लोक परत गेले. तो शब्द मला मोडू द्यायचा नाही.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी डेअरीत दूध घालून आल्यावर त्यांचा फोन आला. तिथं कुणीतरी म्हणालं होतं, कॉलेजचे निकाल लागलेत. "लागला व्हय गं निकाल?" मी म्हटलं, "अजून न्हाई, आण्णा." ते म्हणाले, "बरं. जेवलीस?" त्यांच्याशी मी आजवर खोटं बोलले नव्हते. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

अभ्यास केला नसेल असं कुणाला वाटेल, म्हणून हेही सांगते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी सायन्स तालुक्याच्या ठिकाणी, बारावीला ७४ टक्के. तिथं पुस्तक इंग्रजी असलं तरी सर समजावून मराठीतच सांगायचे. इथं पूर्ण तास इंग्रजीत. कळत नाही असं नाही, पण एक वाक्य कानावर पडून डोक्यात मराठीत उतरेपर्यंत पुढची दोन निघून गेलेली असतात. पेपरातही तेच झालं. शेवटचे दोन प्रश्न येत होते, वेळच उरला नाही.

प्रॅक्टिकलचं मात्र वेगळं घडलं. पहिल्याच दिवशी टायट्रेशन होतं, म्हणजे ब्युरेट नावाच्या तोटीच्या काचनळीतून फ्लास्कमध्ये द्रावण सोडायचं आणि रंग बदलताच थांबून रीडिंग घ्यायचं. बारावीला आमच्याकडे ब्युरेट सर हातात धरायचे आणि आम्ही त्यांचं रीडिंग जर्नलात उतरवायचो. त्यामुळे इथं पहिल्यांदाच मी स्वतः तोटी फिरवली. फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचे, म्हणजे रंग बदलून दाखवणाऱ्या द्रावणाचे, दोन थेंब होते. ते पाणी एकदम राणी कलरचं झालं. शेजारच्या मुलीचं अगदी फिकट, पांढऱ्या कागदावर ठेवलं तरच गुलाबी दिसेल असं. मला वाटलं, माझाच रंग चांगला आला. लॅबमधल्या मामांनी माझा फ्लास्क उचलला, बेसिनात ओतला आणि हळूच म्हणाले, "गडद झालं की चुकलं, पोरी. शेवटाला थेंब थेंब सोडायचं. आणि रीडिंग घेताना वाकायचं, डोळा रेषेला आणायचा." त्या दिवसापासून माझी रीडिंग बरोबर येतात. प्रॅक्टिकलला गुणही चांगले पडलेत. म्हणजे कुणी एकदा सांगितलं की मला येतं.

शिष्यवृत्तीचंही असंच झालं. अर्ज भरला, सबमिट झाला, मी निर्धास्त. उत्पन्नाचा दाखला आदल्या वर्षाचा जोडला होता म्हणून अर्ज माझ्याच लॉगिनला परत आला होता आणि मी तीन आठवडे लॉगिन उघडलंच नाही. भरलेला अर्ज पुन्हा पुन्हा बघायचा असतो, हे ज्यांची मोठी ताई किंवा दादा शिकलेत त्या मुलींना माहीत होतं. मुदतीत निस्तरलं, पण त्यासाठी ऐन उसाला तोड आलेली असताना आण्णांचे दोन दिवस तहसीलला गेले.

म्हणून विचारते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आधी कुणी शिकलं नव्हतं, त्यांनी पहिली केटी घरी कशी सांगितली? खोटं न बोलता, आणि तरी त्याचा 'नापास' होऊ न देता? केटीनं शिष्यवृत्ती अडते का? आणि कॉलेजात असलं सगळं विचारायला नेमकं कुणाकडे जायचं असतं? शनिवारी गावी जाणार आहे. २०२३ पासून एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे महिन्यातून दोनदा जाणं परवडतं. त्याआधी काही सुचवलंत तर फार बरं होईल.

प्रतिसाद: उत्तरेश्वर_पेठ

सांगू नकोस. मी नव्हतं सांगितलं. माझ्या दोन केट्या होत्या, दुसऱ्या वर्षी सुटल्या, घरी आजतागायत कुणाला माहीत नाही. त्यांच्या जिवाला उगाच घोर कशाला?

प्रतिसाद: शेंडापार्क

मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, त्यामुळे आधी कागदांचं बोलते.

उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते आणि पुनर्मूल्यांकनाचाही अर्ज करता येतो. निकालानंतर दोन्हींना थोडेच दिवस मिळतात. शनिवारची वाट बघू नकोस, उद्याच नोटीस बोर्ड बघ. पुनर्मूल्यांकनावर भिस्त ठेवू नकोस, पण छायांकित प्रत जरूर काढ. गुण कुठं गेले ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मुलं पैसे वाचवायला हे टाळतात आणि पुन्हा त्याच जागी चुकतात. दुसरं, पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरताना केटीच्या पेपरचा फॉर्मही भरायचा. चालू सेमिस्टरचा भरून मोकळी होणारी मुलं मी दरवर्षी बघते. मग तो पेपर पुढच्या खेपेवर जातो.

कोणत्या योजनेत अर्ज केलास ते लिहिलं नाहीस. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असेल, नाहीतर दुसरी कुठली, प्रत्येकीचे नियम वेगळे. मार्कलिस्ट घेऊन शिष्यवृत्तीच्या टेबलला जा आणि सरळ विचार, "एका विषयात केटी आहे, रिन्युअल होईल का?" तिथंच डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचंही विचार. ती योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. अठ्ठावीस गुंठे म्हणजे तुम्ही अल्पभूधारकच, तुझ्या कोर्सला लागू होते का तेवढं बघून घे. दाखला तहसीलदारांचा लागतो. या खेपेला वडिलांना तोडीच्या वेळी पळवू नकोस, आत्ताच काढून ठेव. आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते बँकेत जाऊन बघ. मंजूर झालेले पैसे त्यावाचून अडतात.

विचारायला कुणाकडे जायचं? बहुतेक कॉलेजांत मुलांच्या गटागटाला एक मेंटॉर, म्हणजे अडलं तर विचारायला एक शिक्षक, नेमलेला असतो. यादी लागलेली असते, मुलं वाचत नाहीत. तुझं नाव कुणाखाली आहे ते शोध. खिडकीवर आमच्यातलं कुणी तुसडं बोललं तर माघारी फिरू नकोस. सकाळी समोर लांब रांग असते. दुपारी तीननंतर ये, नीट बोलायला सवड असते.

प्रतिसाद: खोडवा

पोरी, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी निवृत्त शिक्षक, मूळचा भुदरगडातला. १९७६ साली कोल्हापूरला कॉलेजला आलो, बोर्डिंगात राहिलो, आणि पहिल्याच वर्षी इंग्रजीत गचकलो. वडिलांना पत्र लिहून कळवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पोस्टमननं ते पत्र आमच्या कट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्या बापाला कळायच्या आधी सगळ्या गल्लीला कळलं. म्हणून सांगतो, फोनवर सांगू नकोस आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू देऊ नकोस. समोर बसून सांग. घरात नको, रानात सांग. तिथं ते मोकळे असतात.

वर कुणी लपवायला सांगितलंय, ते मला पटत नाही. अगं, बापाला जे माहीत नाही त्यात तो तुला मदत करणार कशी? तुझ्या दाखल्यासाठी दोन दिवस घालवणारा माणूस आहे तो.

आता शब्दाचं. उसाची लागण केल्यावर सगळेच डोळे फुटतात का? मध्ये मध्ये जागा रिकाम्या राहतात. म्हणून कुणी सगळं रान मोडतो का? नांग्या भरतो. वडिलांना म्हण, सगळी लागण उगवलीय, एक नांगी पडलीय, ती भरायची आहे. केटीचं याहून सरळ मराठी मला तरी माहीत नाही.

आणि एक. दसरा चौकातून जाशील तेव्हा जरा थांबून बोर्डिंगांच्या इमारती बघ. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी जागा आणि अनुदानं देऊन वसतिगृहं उभी केली. खेड्यातलं पोर कितीही हुशार असलं तरी शहरात त्याला छप्पर, जेवण आणि अडलं तर विचारायला माणूस लागतो. मला बोर्डिंगात माझ्याआधी तीन वर्षं आलेला एक जण मिळाला. त्यानं माझ्याकडून रोज रात्री इंग्रजीचं एक पान लिहून घेतलं, वर्षभर. तूही असं कुणीतरी शोध. खोलीचं भाडं जड जात असेल तर शिवाजी विद्यापीठातल्या कमवा आणि शिका योजनेचीही चौकशी करून ठेव, पुढं एम.एस्सी.ला कामी येईल. त्या कल्पनेमागचे कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच जिल्ह्यातले, जन्म कुंभोजचा.

पुन्हा मी (धागाकर्ती)

उशीर झाला, गावी रेंज नव्हती. सगळ्यांचे आभार. खोडवा काका, तुमचे खास.

शनिवारी दुपारी आण्णांच्या मागून रानात गेले. खरंच नांग्याच भरायचं चाललं होतं, जानेवारीतली सुरूची लागण आहे. बुट्टीत पिशवीतली रोपं होती. मी एकेक द्यायची, ते लावायचे. तिसऱ्या सरीला सांगितलं. ते काही बोलले नाहीत, हातातलं रोप लावलं, टाचेनं माती दाबली. मग म्हणाले, "म्हंजी वरीस जात न्हाई?" म्हटलं, "न्हाई. तेवढा एकच पेपर परत द्यायचा." "कवा?" म्हटलं, "पुढच्या परीक्षेबरोबर, उन्हाळ्यात." "तवर रोप तयार हाय न्हवं तुजं? उशिरा लावल्यालं शेजारच्या उसाच्या सावलीत सापडतंय, मग वर येत न्हाई."

स्थळाचं त्यांनी नावही काढलं नाही.

आईनं रात्री भांडी घासताना विचारलं, "मंगळवारी फोनवर निकाल लागला न्हाई म्हणालीस ते?" मी खरं ते सांगितलं. ती गप्प राहिली. सकाळी पिशवी भरताना म्हणाली, "मी चौथीतनं शाळा सोडलो तवा मला कुणी इचारलं न्हाई. तुला इचारणारी दोघं हाईत. आमाला सांगत जा."

छायांकित प्रतीचा अर्ज गुरुवारीच दिला होता. शिष्यवृत्तीच्या टेबलला आज तीननंतर गेले, नीट बोलल्या. यादीत मेंटॉर मॅडमचं नाव सापडलं, बुधवारी भेटणार आहे. आता एकच मागणं आहे. राजारामपुरी किंवा विद्यापीठाच्या बाजूला कुणी केमिस्ट्री झालेलं असेल आणि आठवड्यातून तासभर माझी इंग्रजीतली उत्तरं तपासून देणार असेल तर निरोप टाका. फी देता येणार नाही. उत्तरं घड्याळ लावून लिहून आणीन.

प्रतिसाद: उत्तरेश्वर_पेठ

माझ्या दोन केट्यांतली एक केमिस्ट्रीचीच होती. नंतर त्यातच एम.एस्सी. केलं. रविवारी सकाळी दहाला विद्यापीठाच्या खर्डेकर लायब्ररीबाहेर ये, मैत्रिणीला घेऊन आलीस तरी चालेल. तुझी प्रत हातात आली असेल तर तीही आण.