दणकट प्रतिकारशक्ती आणि खर्रा

एका भाऊनं लिहिलंय, शेतात राबणाऱ्याची प्रतिकारशक्ती दणकट असते, खर्र्यानं, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणानं, त्याला काही होत नाही. इतकं सोपं नाही ना ते.

आमचे मोठेबाबा दारव्ह्याकडचे. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा, दिवसाला चार पुड्या. आधी तिखट झोंबायला लागलं, मग साधं वरणही. नंतर भाकरीचा घास घ्यायला आ होईना. तीन बोटं उभी जायची तिथं दीड. गाल आतून पांढरट, चामड्यासारखा.

यात प्रतिकारपेशींचाच हात असतो. सुपारीतल्या अरेकोलीन नावाच्या रसायनानं अन् रोजच्या घासण्यानं गालाचं आतलं अस्तर दुखावतं, मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट या प्रतिकारपेशी धावून येतात. जखम एकदाची असती तर काम उरकून परतले असते. पण पुडी रोजची! मग ते तिथंच मुक्काम ठोकतात, टीजीएफ-बीटासारखे रासायनिक संदेश सोडत राहतात आणि फायब्रोब्लास्ट, म्हणजे धागे विणणाऱ्या पेशी, कोलॅजनचे चिवट धागे विणत सुटतात. त्यानंच गाल ताठरतो अन् आ होत नाही.

पुढं तोंडाचा कॅन्सर झालाच तर सीडी८ टी-पेशी, म्हणजे मारेकरी प्रतिकारपेशी, गाठीवर तुटून पडतात खऱ्या, पण गाठ पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढं करून, त्यांच्यावरचा पीडी-१ हा लगाम ओढून, त्यांना थंड पाडते. प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींचा लगाम वेगळाच. पीडी-१चा लगाम सोडवणारं निवोलुमॅब हे औषध २०१६ मध्ये अमेरिकेत डोकं-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. या वाटेच्या शोधासाठी अ‍ॅलिसन आणि होन्जो या शास्त्रज्ञांना २०१८चं नोबेल. औषधाची किंमत मात्र कापसाच्या पट्टीत, म्हणजे कापूस विकून हाती येणाऱ्या पैशात, बसणारी नाही.

मोठेबाबांचा खर्रा सुटलाय. आ अजून दोनच बोटं.