सीबीडीने झिंग येत नाही, म्हणजे काहीच होत नाही?

औषधवाला_नाना: काल इथे एकांनी सीबीडी तेलावर, म्हणजे भांग-गांजाच्या झाडातून काढलेल्या तेलावर, पोस्ट टाकली. सार असं की त्याच झाडातलं दुसरं द्रव्य, टीएचसी, डोक्यात जातं, सीबीडीचा मेंदूवर काहीही परिणाम नाही, सबब झोप, चिंता, गुडघे कशालाही बिनधास्त घ्या. खाली अंगठ्यांची रांग. मी २५ वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभा आहे, राहवलं नाही.

अहो, मेंदूवर परिणामच नसेल तर चिंता कमी कुठे होते, गुडघ्यात? टीएचसी मेंदूतल्या सीबी१ रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या एका कडीला, धरतं. म्हणून झिंग, धडधड, खा-खा, आत्ता काय बोललो त्याचा विसर. सीबीडी तिथे फारसं चिकटत नाही, म्हणून झिंग नाही. इथवर पोस्ट बरोबर. पण मूड सांभाळणाऱ्या सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर त्याची हालचाल असते. शिवाय यकृतातली जी एन्झाइम्स तुमच्या बाकीच्या गोळ्या पचवतात, त्यांना ते अडवतं. आमच्याकडे एक आजोबा रक्त पातळ होण्याची वॉर्फरिन घेतात. मुलाने परदेशातून तेल आणलं, रोज दोन ड्रॉपर. महिन्याभरात दात घासताना हिरड्यांतून रक्त, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) साडेचारच्या वर. तेल बंद केल्यावर खाली आला.

बेलापूरकर: शीर्षक वाचून वाटलं आमच्या सीबीडी बेलापूर स्टेशनाबद्दल आहे. तिथे मात्र परिणाम होतो, सकाळच्या ८:४० ला.

सुलभा_ठाणे: नाना, ती पोस्ट माझी आहे. चार वर्षं पाठदुखीने रात्र-रात्र खोलीत फेऱ्या मारल्यात मी. तुमच्याच गोळ्यांनी पोटाची वाट लागली. आता रात्री पाच थेंब जिभेखाली आणि सकाळी सहापर्यंत झोप. तुमचं दुकान चालावं म्हणून मी जागी राहू का?

औषधवाला_नाना: ताई, तुमची झोप मला हवीच आहे. पण हिशेब करा. ३० मिलीची बाटली, त्यात १००० मिलिग्रॅम, म्हणजे पाच थेंबांत जेमतेम ८. ब्राझीलमध्ये भाषणाच्या भीतीवर प्रयोग झाला, तिथे एका वेळी ६०० दिले होते.

उलटतपासणी: एक मिनिट. आधी म्हणालात धोकादायक, आता म्हणता डोस फुटकळ. पाच थेंबांत काही होत नसेल तर घेऊ द्या की त्यांना. दोन्ही दगडांवर पाय नको.

औषधवाला_नाना: ठीक. पाच थेंबांनी कोणाचा आयएनआर बिघडेल असं मी म्हणत नाही. पण ‘काहीच होत नाही’ ऐकलं की माणूस पाचाचे पन्नास करतो.

मीरामावशी_शिकागो: माझ्या भाचीला ड्रावे सिंड्रोम आहे, लहानपणापासून फेफऱ्याचे झटके आणणारा दुर्मीळ आजार. फेफऱ्यासाठी सीबीडीचं औषध इथे २०१८ मध्ये मंजूर झालं, ती तेच घेते. किलोमागे १० मिलिग्रॅम, नंतर २०. वीस किलोची पोर, म्हणजे दिवसाला ४०० पर्यंत. झटके खरंच कमी झाले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सुरुवातीला वरणभाताचा घास तोंडात तसाच ठेवून ताटावर पेंगायची. आधीचं झटक्यांचं औषध क्लोबाझम चालू होतं, ते सीबीडीमुळे शरीरात साठत होतं. त्याचा डोस उतरवला तेव्हा पोर जागी झाली. यकृताची तपासणी अजून चालू असते. झिंग मात्र एकदाही नाही. आता ठरवा परिणाम आहे की नाही.

भोलेनाथ_नाशिक: एवढा काथ्याकूट कशाला? शिवरात्रीला आजोबा भांगेचा घोटा करायचे. भांग पान आहे, गांजा नव्हे. १९८५ च्या कायद्यातही नुसतं पान गांजात धरत नाहीत. म्हणजे टीएचसीचा प्रश्नच मिटला.

उलटतपासणी: कायद्याने पान वगळलं म्हणून पानातलं टीएचसी उडून जातं का? शेंड्याच्या फुलोऱ्यापेक्षा कमी असतं, इतकंच. आणि महाराष्ट्रात भांगेला दारूबंदी कायदा लागतो, हे सोयीने विसरलात.

भोलेनाथ_नाशिक: शहरी लोकांनी परंपरा शिकवू नये. मेंदूत तयार होणाऱ्या टीएचसीसारख्या द्रव्याला ‘आनंदामाइड’ नाव आपल्या संस्कृतवरूनच पडलं ना? ऋषींना माहीत होतं!

उलटतपासणी: ते सापडलं १९९२ मध्ये, जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत. नाव ठेवणाऱ्यांत एक अमेरिकन, एक चेक. ऋषींचं गोत्र सांगा.

बेलापूरकर: परंपरेवरून आठवलं. आमचे मेहुणे पहिल्यांदाच सासुरवाडीला ठंडाई प्यायले. अर्ध्या तासाने म्हणे, “काही होत नाहीये, दुसरा भरा.” दीड तासाने पडवीचा खांब दोन्ही हातांनी धरून बसले. घर चाललंय म्हणत होते. चप्पलसुद्धा काढू देईनात, स्टेशन आलं की उतरायचंय म्हणून.

औषधवाला_नाना: हेच! पोटातून गेलेलं टीएचसी यकृतात बदलून आणखी जोरकस होतं, आणि चढायला तास-दोन तास घेतं. चिलमीसारखं लगेच कळत नाही, म्हणून दुसरा ग्लास घात करतो.

भोलेनाथ_नाशिक: त्यांना प्रमाण कळत नव्हतं. भांगेचा काय दोष?

मीरामावशी_शिकागो: भाचीबद्दल लिहिलं, आणि चर्चा खांबावर. चालू द्या.

सुलभा_ठाणे: माफ करा, मावशी. मी भाचीचं वाचून गप्प बसले होते. नाना, माझ्या तेलात टीएचसी नाही एवढं तरी मान्य करा.

औषधवाला_नाना: कशावरून? २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली. १८ मध्ये टीएचसी निघालं. लेबलावरचं सीबीडी फक्त २६ मध्ये बरोबर. तुमची झोप त्या टीएचसीचीही असू शकते. बाटली बघा.

सुलभा_ठाणे: बघितली. चष्मा लावून, टॉर्च मारून. ‘विजया पत्र अर्क’ लिहिलंय, म्हणजे भांगेच्या पानाचाच अर्क. टीएचसी किती, कुठेच नाही. सोमवारी बीपीच्या डॉक्टरांकडे बाटली घेऊन जाते. तुम्ही जिंकलात असं समजू नका, आज रात्री पाच थेंब घेणारच आहे.